बांधावरचा पाहुणा

न्यू हालिंग,
गुरुवार, ७ एप्रिल १९३८

प्रिय रॅग्ना,
आणि तुझ्या स्वयंपाकघरात कॉफी पीत हे पत्र ऐकणाऱ्या नदीपलीकडच्या लीपाच्या साऱ्या बायांनो,

तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. आमच्या घरधन्याची, हॅल्वरची, पाठ धरली आहे, पण पोती उचलायची तो काही थांबत नाही. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. पोरगा अन्सगार दिवसभर बांधावर असतो, जेवायला येतो तेव्हा बूट दारातच काढतो, एवढं तरी मी त्याला शिकवलं आहे.

बायांनो, तुमचं माझं चर्च वेगळं, प्रार्थनेची भाषा वेगळी, पण दुखणं एकच आहे. दर वसंतात आपल्या दारात येऊन उभं राहतं ते पाणी आपलं नाही. ते माळावरचं पाणी आहे. तिकडच्या जर्मनांनी शेताखाली मातीच्या नळ्या पुरल्या. पूर्वी जे पाणी दलदलीत बसून सावकाश मुरायचं, ते आता बर्फ वितळल्याबरोबर नळ्यांतून धावत खाली येतं. त्यांची शेतं कोरडी झाली, कारण त्यांचं पाणी आपल्या उंबऱ्याशी आणून ओतलं. आणि ग्रॅन्बीच्या टेकडीवर, कोर्टाच्या घड्याळाखाली, या काउंटीचे कारभारी बसलेत. सगळ्यात आधी आले म्हणून सगळ्यात उंच जागा त्यांची. बांधाला दगड द्या म्हणून मी शेतकरी मंडळातर्फे दर वर्षी तिथे जाऊन बोलते. ते म्हणतात, "मिसेस लीन, तुम्ही फार छान बोलता." मग चहा देतात. दगड देत नाहीत.

त्यांच्या भिंतीवर या काउंटीचा नकाशा आहे. सगळे रस्ते सरळ, सगळी शेतं चौकोनी, जणू गणिताची वही. त्यात एकच रेघ वाकडी, आपली हॅचेट नदी. कारभाऱ्यांना ती रेघ दिसते, तिच्या दोन्ही बाजूंना माणसं राहतात हे दिसत नाही. मी जगाचे बरेच इतिहास वाचले. त्यांत सगळीकडे एक गोष्ट सापडली. वरच्यांनी खाली ढकललेलं दुःख खालचे लोक आपसात वाटून घेत नाहीत, एकमेकांवर ढकलतात. आपण वेगळं काय करतो? पश्चिमेचा बांध वीतभर उंचावला की पूर्वेची झोप उडते. पूर्वेला पोती पडली की पश्चिमेचे पुरुष दाढ्या खाजवत बसतात. कारण बोलत कुणी नसलं तरी ठाऊक सगळ्यांना आहे. एका काठाचा बांध फुटला की दुसऱ्या काठाचं पाणी उतरतं.

म्हणून तर आपल्या वाडवडिलांनी पाहुण्याची रीत घातली. नव्या सुनांसाठी पुन्हा सांगते. त्या मोठ्या पुरात तुमचा बांध "आपोआप" फुटला होता, आणि तो आपोआप फुटला असं दोन्ही गावांत एकानेही मानलं नाही. त्यानंतर आमचे लुथरन पास्टर आणि तुमचे कॅथलिक फादर एका होडीत बसून नदीच्या मध्यावर गेले. दोघंही एकमेकांच्या प्रार्थनेला पाखंड म्हणत, पण त्या दिवशी दोघांनी एकाच डब्यातलं खाल्लं. ठरलं ते असं. पाणी पुलाच्या खांबावरच्या रेघेला लागलं की दोन्ही गावांनी आपलं एक माणूस पलीकडे पाठवायचं. त्याने पलीकडच्या बांधावर राखण करायची, पलीकडच्या घरात जेवायचं, झोपायचं, पाणी उतरेपर्यंत. आपलं माणूस ज्या बांधाखाली झोपलंय, तो बांध कोण फोडेल?

रॅग्ना, तुझा बोहुमिल असाच आपल्या घरी पाहुणा आला होता. पाणी उतरलं तरी त्याचा पाय निघेना. बाबा शेवटपर्यंत म्हणत, "मी बांध वाचवला आणि पोरगी घालवली." मला वाटतं, ते अर्धं गमतीने म्हणत. बाकीचं अर्धं आता तुझं तू ठरव.

यंदा तुमचा मेतोद कोउबेक आमच्याकडे आला आहे. पाच लेकरांचा बाप, पिंपं बनवणारा, सगळ्या लीपाला लागणारा माणूस. तुम्ही उत्तम माणूस पाठवलात. आमच्या गळक्या पिंपाकडे बघून पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "थोराबाई, हे पिंप ज्याने बनवलं तो नक्की लुथरन असणार." हॅल्वरसुद्धा हसला.

आम्ही एबन प्रुइटला पाठवलं आहे. तो पोचला असेल. डेअरीच्या मागच्या खोलीत राहतो, पडेल ते काम करतो. माणूस चांगला आहे. त्याला गोड आवडतं.

तुम्ही विचाराल, एबन कसा निवडला. मंडळाच्या सभागृहात बैठक झाली. हॅल्वर बांध समितीचा अध्यक्ष, तोच बोलला, "या वेळी प्रत्येक घरचा माणूस इकडे लागणार. एबन मोकळा आहे." कुणीतरी म्हणालं, "लीपाचे ते गोड कोलाचे पाव खाऊन जाडा होऊन येईल." सगळे हसले. मी विचारलं, "गेल्या खेपेला पास्टरांचा भाऊ गेला होता, त्याआधी हॅल्वर, त्याआधी माझे बाबा. एबनचं इथे कोण आहे?" हॅल्वर म्हणाला, "आपण सगळेच आहोत की." पुन्हा सगळे हसले. एबन कोपऱ्यात टोपी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "मला चालेल. पाहुणा म्हणून मला कधी कुणी बोलावलं नाही." या वेळी कुणी हसलं नाही, सगळे खाली बघू लागले. रॅग्ना, मी अनेक सभा पाहिल्यात. लोक कंटाळले म्हणून खाली बघतात तेव्हा ते दिसतं. हे तसं नव्हतं.

असो. तुझ्या सासूबाई अजून खालच्या खोलीतच झोपतात का? त्यांचं अंथरूण वर हलवलंस तर बरं. अशा दिवसांत खाली ओल असते, म्हाताऱ्या माणसाच्या छातीला ती बरी नाही. दुसरं काही नाही.

सगळ्यांना पुन्हा नमस्कार. टपालाची होडी सुटायची वेळ झाली.

तुझी ताई,
थोरा


न्यू हालिंग,
शनिवार, ९ एप्रिल, सकाळ

रॅग्ना,

मागचं पत्र सगळ्यांत वाचून दाखव म्हणून लिहिलं होतं. हे मोठ्याने वाचू नकोस. आधी एकटीने वाच, मग काय सांगायचं ते शेवटी लिहिलं आहे, तेवढंच सांग.

तुझं उत्तर काल मिळालं. तू लिहितेस, "ताई, भाषणात तू मुद्द्यावर सरळ जातेस. या पत्रात सगळ्या गावाला वळसा घालून माझ्या सासूच्या अंथरुणापाशी येऊन थांबलीस. काय झालंय?" आणि एबनची गोष्ट लिहितेस. पोटभर कोलाचे खाल्ल्यावर तो म्हणाला, "मी परत नाही गेलो तरी चालेल." त्यावर तुझी सासू पलंगावरून म्हणाली, "न्यू हालिंगलाही चालेल असं दिसतंय."  म्हातारीला जे एका वाक्यात दिसलं, ते मी तुम्हाला पानभर लिहून सांगू शकले नाही. फोन करता आला नाही, कारण आमच्या रस्त्यावर तार एकच, माझी घंटी वाजली की प्रत्येक घरात कानाला यंत्र लागतं. पण खरं कारण ते नव्हे. हे लिहिलं की ते खरं होईल, अशी मला भीती वाटत होती. ते न लिहिताही खरं होतंय, म्हणून आता लिहिते.

बुधवारी जेवताना अन्सगारने मला विचारलं, "आई, मावशीच्या सासूबाई अजून खालीच झोपतात का गं?" ब्रेडला लोणी लावता लावता, अगदी प्रेमाने. मी म्हटलं, "तुला रे त्यांची एवढी काळजी कधीपासून?" तो म्हणाला, "सहज." त्याचा बाप ताटातून वर बघेना.

गुरुवारी पत्र होडीत पडल्यावर मी बटाटे आणायला तळघरात गेले. तिथे अन्सगारची पेटी असते, झाडांचे खुंट उडवायच्या सुरुंगाच्या कांड्यांची. शेत साफ करायला लोक त्याला बोलावतात, तुला माहीत आहे. पेटी रिकामी होती. सगळी जमीन पाण्याखाली असताना हा कुणाचे खुंट उडवणार? मी विचारलं. म्हणाला, "ओल लागली होती, टाकून दिल्या." "कुठे टाकल्यास?" तर म्हणतो, "आई, तू जाऊन भाषण दे. मला काम आहे."

आमच्या होडीच्या वल्ह्यांना त्याने पोत्याची फडकी गुंडाळली आहेत. पाण्यात वल्ह्याचा आवाज होऊ नये म्हणून असं करतात. मासे धरायला जाणारा माणूसही करतो, असं मी स्वतःला बराच वेळ सांगून पाहिलं.

मग काल संध्याकाळी हॅल्वरने मेतोदला तंबाखू दिली आणि विचारलं, "उद्या नाही, परवा तुमचा झावळ्यांचा रविवार ना? मिरवणूक चालते तरी किती वेळ?" तो बिचारा खुलला. म्हणाला, "अहो, फादरांचा आवाज चांगला आहे आणि त्यांना ते माहीत आहे. जेवणाची वेळ उलटते. सगळा गाव असतो, बांधावरचेसुद्धा आळीपाळीने येऊन जातात." हॅल्वर म्हणाला, "मग राखणीला कोण?" मेतोद म्हणाला, "एबन आहे की. तो कुठल्याच चर्चला जात नाही." आणि हसला. मी त्याला आणखी कॉफी ओतली.

आता तुला कळलं. आमच्या बाजूचा बांध मऊ झाला आहे, पाय ठेवला की हलतो. घुशींच्या बिळांतून पाणी पाझरतं. तो टिकणार नाही हे पुरुषांना कळलं आहे, आणि तुमचा फुटला तर टिकेल हेही. जागा कुठली ते कुणी मला सांगितलेलं नाही. पण नदी जिथे तुमच्या बाजूला वळते आणि बांधावर मार बसतो ती जागा तुझ्या परसामागेच आहे. त्याने तुझ्याच सासूबद्दल विचारलं.

ते काय म्हणत असतील ते मी तुला बसल्या जागी सांगू शकते. सगळे चर्चमध्ये असतील, चर्च उंचवट्यावर आहे, माणूस मरणार नाही, घरं काय पुन्हा बांधता येतात. लहान बाळं मिरवणुकीला नेत नाहीत, आजारी माणसं खाली झोपतात, आणि बांधावर एक माणूस उभा असेल, हे त्या हिशेबात धरलेलंच नाही. त्या माणसासाठी इकडे कुणी रडणार नाही, म्हणूनच तो निवडला. रॅग्ना, रीत कुणी मोडलेली नाही. पाहुणा पाठवला, होडीतून हात हलवून पाठवला. फक्त आतून ती पोकळ केली. ग्रॅन्बीच्या टेकडीवरचे आपल्याला माणूस म्हणून मोजत नाहीत याचा राग मी आयुष्यभर ओरडून सांगितला, आणि माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, एका माणसाला त्याच तऱ्हेने बाजूला काढलं.

हॅल्वरला मी सरळ विचारलं. तो चुलीत लाकूड सारू लागला. म्हणाला, "मला काही माहीत नाही. तूही काही माहीत करून घेऊ नकोस." चाळीस माणसांसमोर बोलताना ज्याचा आवाज हलत नाही, तो माणूस हे पुटपुटून बोलला.

तू म्हणशील, ताई, तू उठून सभेत का बोलत नाहीस. बोलले तर ते माझं ऐकतील, माना खाली घालतील, आणि बेताचा दिवस बदलतील. तो दुसरा दिवस मला कळणार नाही. आत्ता निदान कळला आहे.

तू म्हणशील, शेरीफला कळव. शेरीफ टेकडीवरचा. तो नक्की येईल, पाणी उतरल्यावर.

आणि सगळ्यात आधी तुझ्या मनात येईल की बोहुमिलला सांगावं. रॅग्ना, मी हात जोडते. बोहुमिलला सांगितलंस की संध्याकाळपर्यंत लीपाची प्रत्येक बंदूक त्या वळणावर असेल. त्यात त्यांची चूक नाही, मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. पण होडीत पुढे अन्सगार बसलेला असेल. त्याला वल्ही चांगली मारता येतात, तो कायम पुढे बसतो. आंघोळ घालताना तू त्याला मांडीवर धरायचीस, तो साबणाला हात लावू द्यायचा नाही, आठवतं? त्याला गोळी लागावी हे मी तुझ्या हातात लिहून देऊ शकत नाही. आणि त्याच्या हाताने तुझं घर वाहून जावं, एबन मरावा, हेही मी बघू शकत नाही. परवापासून मी या दोन्हींच्या मध्ये उभी आहे. जेवण करते, दूध काढते, मेतोदला हसून वाढते. मी घाबरलेय, रॅग्ना. सभेतल्या शिट्ट्यांना मी कधी घाबरले नाही. पोटच्या पोराच्या पावलांना घाबरते. तो तळघराच्या पायऱ्या उतरू लागला की मी भांडी आदळून आवाज करते, का ते मलाही कळत नाही.

इकडून मला होडीत कुणी बसू देणार नाही. सगळ्या होड्या पुरुषांच्या ताब्यात आहेत, पुलाची वाट पाण्यात गेली आहे. पण एक वाट आहे, ती तुमच्या हातात आहे. रीतीतली एक गोष्ट लोक विसरलेत, कारण ती वापरायची वेळ क्वचित आली. आलेला पाहुणा पसंत नसला तर परत पाठवता येतो, आणि दुसरा नाव घेऊन मागता येतो. ज्याचं नाव घेतलं त्याला नाही म्हणता येत नाही. आमच्या गावाने एकदा तुमचा अकॉर्डियनवाला असाच मागून घेतला होता, कारण हालिंगमध्ये लग्न होतं. आठवड्यानंतर तोच म्हणाला, "बाबांनो, पाणी उतरलंय, आता तरी सोडा." तेव्हा तो हक्क थट्टेत वापरला, म्हणून कुणी त्याला नाही म्हणू शकलं नाही. आज कुणी नाही म्हटलं तर कशासाठी नाही म्हणता, हे सगळ्या गावासमोर सांगावं लागेल. हॅल्वर ते सांगू शकणार नाही.

माझं नाव घ्या. बांधाच्या त्या वळणावर मला उभी करा. रविवारी मिरवणूक निघेल तेव्हा मी तिथे असेन, बाबांचा पिवळा रेनकोट घालून, जो नदीच्या पलीकडून कुणालाही ओळखू यावा. अन्सगारला तर नक्कीच.

तरीही तो येईल का? मी हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारला की आता त्याला अर्थ उरलेला नाही. मी त्याची आई आहे आणि मला उत्तर माहीत नाही. एवढं माहीत आहे की आला, तर त्याला ते माझ्या डोळ्यांसमोर करावं लागेल. एबनच्या पाठीमागे करणं सोपं होतं.

म्हणून आता तुला काय करायचं ते लिहिते. हे पत्र मिटव. फादरांकडे जा, ते मिरवणुकीच्या तयारीत असतील, त्यांना थांबव. त्यांना सांग की हालिंगने पाठवलेला पाहुणा लीपाच्या मानाला साजेसा नाही, तुम्ही रागावला आहात, अपमान झाला आहे. हे खरंच आहे, त्यामुळे तुला खोटं बोलावं लागणार नाही. बंदुकांचं नाव काढू नकोस. एबनला सांग की त्याच्यात काही कमी नाही, आणि जेवू घालून पाठव. आज दुपारची टपालाची होडी परत फिरेल तेव्हा त्याला तिच्यात बसवा, आणि फादरांच्या सहीचा निरोप हॅल्वरच्या हातात, सगळ्यांसमोर, बांधावर द्यायला लावा. निरोप एका ओळीचा असू दे: लीपाला पाहुणी म्हणून थोरा लीन पाहिजे, आजच.

मी बांधावरच उभी असेन. बॅग भरलेली आहे.

मला मागा.

अन्सगारची आई,
थोरा